मैदान दादाच्या नावावर आहे

मी न्वाकाएगो एझेओके, वय एक्कावन्न, लग्न नाही, मूल नाही, शाळा चौथीपर्यंत, राहणार उमुअकू, राज्य अनाम्ब्रा. नायजेरियाच्या महिला फुटबॉल संघात बचावाला खेळत होते. डॉक्टरांनी माझं पोट उघडलं आणि काही न करता परत शिवलं, म्हणजे काय ते मला कळतं. डोकं ठिकाणावर आहे. कोणी पाजलेली नाही, कोणी दम दिलेला नाही. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय करायचं ते स्वतःच्या हाताने लिहिते. वकिलाने भाषा सुधारून दिली होती, ती मी परत बिघडवली.

१. घर भाड्याचं, तेव्हा तो विषय नाही. जनरेटर, शिलाई मशीन आणि भाताचा मोठा टोप चिनेलोला. ती माझ्याकडे खेळायला आली तेव्हा एवढीशी होती, आज पोरींना शिकवते. टोप कोणाच्या लग्नाला उसना देऊ नये. परत येत नाही.

२. बूट, जाळ्या, चेंडू पोरींचे. ज्यांना घरचे शहरात मोलकरीण म्हणून धाडायला निघाले होते, त्यांना मी ठेवून घेतलं, जेवू घातलं, खेळवलं. पेपरवाले याला समाजसेवा म्हणाले. मला दुसरं काही येत नव्हतं.

३. पदकं इहुओमाला. ती माझ्यामागे गोलमध्ये उभी राहून अख्खा सामना ओरडायची, "म्हशे, डावीकडे बघ!" मी बघितलं म्हणून तिलाही पदकं मिळाली. स्वतःची तिने विकून खाल्ली. बये, ही तरी सांभाळ.

४. थोरला भाऊ ओबिओरा याला माझा गुडघ्याचा पट्टा, बाकी काही नाही. गुडघा गेला, खेळ संपला, तेव्हा जे गाठीला होतं त्यातून मी मैदान घेतलं, बोअर मारली. गावचे म्हातारे म्हणाले, बाईच्या नावाने जमीन होत नाही, भावाचं लाव, नाव काय चाटायचंय? लावलं. परवा त्याला म्हटलं, "दादा, मी आहे तोवर मैदान पोरींच्या नावावर कर."

"पोरी उद्या नांदायला जातील. जमीन नांदायला जाते का?"

"तुझी धाकटी तिथेच खेळते."

"म्हणून तर तिला नवरा मिळेना. जागेचं पेट्रोल पंपवाल्याशी बोलणं झालंय, न्वाका. तू आता देवाचं नाव घे."

५. मला मैदानात पुरावं, गोलच्या तोंडाशी. थडगं असलेली जमीन आमच्याकडे कोणी घेत नाही. ही युक्ती चिनेलोची. पण ओबिओराच्या कानावर गेली आणि त्याने लगेच भावकी बसवली. ठरलं की बाईला कुठे पुरायचं ते भावकी सांगणार. हिला बापाच्या अंगणात, केळीमागे. वकील म्हणतो, लिहून ठेवा, पण कोर्ट उघडेपर्यंत माती देऊन झालेली असते. म्हणून हे कलम लिहिते, आणि ते कोणी पाळणार नाही हेही लिहिते. चिनेलो, प्रेतासाठी ओढाताण करू नकोस. ते मारतील.

६. बोअरची मोटर काढू नये. गाव तिथे फुकट पाणी भरतं. पंपवाला बंद करील तेव्हा त्यांना माझी आठवण येईल, नाही आली तर तहान येईल.

७. गोलचे खांब माझे. लोखंड मी आणलं, वेल्डरच्या डोक्यावर बसून जोडून घेतले. मी गेल्यावर पोरींनी ते उपटून न्यावेत. कुठे न्यायचे, मला सांगता येत नाही. शेजारच्या शाळेचा हेडमास्तर म्हणाला, "खांब द्या, पोरी नकोत." त्याला देऊ नयेत. गंजले तरी चालतील. खांबांचे खड्डे पोरींनी बुजवू नयेत. ते ओबिओराला करू दे.

सही: न्वाकाएगो एझेओके

वरची सही तिने आमच्या डोळ्यांदेखत केली, आम्हाला यातलं काही मिळत नाही:
एबेले ओन्वुआचू, परिचारिका
सिल्व्हनस ओकोंता, गवंडी

उमुअकू, ९ जानेवारी २०२४