प्रेसमागचं काळ्या दगडाचं चर्च

बाबा, तुम्ही बांधलेलं कापसाच्या प्रेसमागचं चर्च पाडायचं चाललंय, आणि त्यासाठी माझी संमती मागितली आहे. माझी संमती! तुम्ही माझं लग्न ठरवलंत तेव्हा कोणी ती मागितली नव्हती, आणि आता एक अख्खी इमारत माझ्या होकारावर अडून बसली आहे. मी इथल्या मुलींच्या शाळेची हेडमिस्ट्रेस झाले हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकती कुठे शिकवायला लागले होते. आमच्या मुली टिनाच्या शेडखाली बसतात. उन्हाळ्यात शेड अशी तापते की दुपारी पोरी पेंगायला लागतात, आणि पावसात माझा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंत पोचत नाही. इमारतीचं नागपूरचं सरकार आज करू, उद्या करू म्हणतंय. प्रेस आता एका शेटजींकडे आहे. ते म्हणतात, चर्चचा घडीव दगड शाळेला न्या, मला ती जागा मोकळीच हवी आहे. पण चर्च तुमच्या हातचं, म्हणून म्युनिसिपल कमिटीचे अध्यक्ष स्वतः शाळेत आले. म्हणाले, "बाई, तुमी हो म्हना, मंगच हात लावतो. नाही म्हनान तं विषय सोडून देऊ." त्यांना चहा दिला आणि विचार करून सांगते म्हटलं.

ज्यांच्यासाठी तुम्ही ते बांधलंत ती माणसं मला अजून स्वच्छ दिसतात. गाव त्यांना ऑस्ट्रियावाले म्हणायचं, कारण त्यांच्या कागदांवर तसं होतं. ते स्वतःला मात्र क्रोएशियाचे म्हणवून घेत. समुद्रकाठचे लोक, बोटींच्या इंजिनांवर हात बसलेला, म्हणून प्रेसच्या तेव्हाच्या कंपनीनं त्यांना कापसाच्या गाठी दाबायची वाफेची यंत्रं चालवायला आणलं होतं. समुद्र सोडून आले ते कुठे, तर खामगावला, जिथे उन्हाळ्यात विहिरीही तळ दाखवतात. बरोबर बायका होत्या, मुलं होती, आणि फोरमनची म्हातारी आई होती. सगळे कॅथलिक. दर रविवारी फोरमनच्या ओसरीवर एका तसबिरीपुढे गुडघे टेकून प्रार्थना करायचे आणि रस्त्यावरची पोरं कठड्याला लटकून मजा बघायची. मग कंपनीनं चर्चसाठी प्रेसमागची जागा दिली आणि फोरमन आपल्या घरी आला. तुम्ही तेव्हा साहेबाशी भांडून ओव्हरसियरची नोकरी सोडली होती आणि गुत्तेदारीचं पहिलंच काम शोधत होतात. आळीत कुजबुज सुरू झाली, घरात विधवा पोरगी आणि हा ख्रिस्तावांचं देऊळ बांधायला निघाला. तुम्ही ओसरीवरूनच ओरडलात, "मंग तुमचं बांधू का? द्या काम!" आणि आत येऊन मला म्हणालात, "तू काऊन रडून राह्यली? चाल, काम पाहाले चाल माह्यासंगं." बाबा, त्याआधी वर्षभर मी अंगणाच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी रस्त्यावरचं ऊन डोळ्यांना सोसेना, तरी मला इतका आनंद झाला होता की तो लपवायला मी पदर पुढे ओढून घेतला.

चर्च साधंच होतं. त्यांच्याकडच्या खेड्यांत असतं तसं, असं फोरमन म्हणायचा. लांबट एकच दालन, वेदीच्या टोकाला अर्धगोल भिंत, मनोरा नाही. दाराकडची भिंतच वर चढवत नेलेली, तिच्या माथ्यावर एक छोटी कमान, कमानीत घंटा. दाराच्या डोक्यावर दगडी आऱ्यांची गोल खिडकी. त्यांच्याकडे म्हणे पांढरा दगड, इथे आपला काळा फत्तर. छपराला ते दगडी फरश्या घालतात, तुम्ही मंगळुरी कौलं सुचवलीत. फोरमननं नकाशा काढून दिला तो यंत्राचा काढावा तसा. मापं चोख, पण पूर्व-पश्चिम कुठेच लिहिलेली नाही. तो नवं यंत्र उतरवून घ्यायला मुंबईला गेला, आणि तुम्ही मुहूर्त पाहून, नारळ फोडून, दोरी लावलीत. देवाचं घर आहे, तेव्हा देवाचं तोंड उगवतीला, यात विचारायचं काय! दार पूर्वेला आलं, वेदी पश्चिमेला. महादेवाचं देऊळ बांधलं असतंत तरी असंच बांधलं असतंत.

फोरमन परत आला तेव्हा भिंती खिडक्यांच्या वर गेल्या होत्या. मी तिथेच होते. तो दारात थांबला, सूर्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "उलटा बनाया." मग तुमची दोघांची जी जुंपली! तो म्हणे, "हमारे में आदमी पूरब को देखता है. प्रभु उधर से आएगा." तुम्ही म्हणे, "अरे, देवच उगवतीले पाहून राह्यला तुह्या, अजून काय पाह्यजे?" दोघांनाही पूर्वच हवी होती, एकाला माणसांसाठी, एकाला देवासाठी. मला हसू फुटलं आणि तुम्ही माझ्यावर खेकसलात, "दात काढू नको! माह्यी अब्रू चालली अन् तुले हासू येते?" खरंच जात होती. ईस्टरला नागपूरहून पाद्री येऊन चर्चला आशीर्वाद देणार होता. तो असं चर्च मान्य करणार नाही, असं फोरमनला वाटत होतं. आणि पहिलंच काम पाडावं लागलं तर दुसरं तुम्हाला कोण देणार होतं?

त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. स्वयंपाकघरात आई ताट वाढून बसलेली, तुम्ही पाटावर, पण हात गुडघ्यावर. आई म्हणाली, "भिंतीचा राग भाकरीवर काऊन काढून राह्यले?" तुम्ही म्हणालात, "उद्या पाडतो. ज्याहीच्यासाठी बांधलं त्याहीलेच उभं राहाता येत नसन, तं काय करायचं त्या भिंतीचं?" आईनं ताटावर झाकण ठेवलं. तुम्ही रागात नव्हतात, बाबा. तुमचा चेहरा पडला होता, आणि राग असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोरमनची आई आपल्याकडे आली. ती नेहमीच यायची, काळा घोळदार झगा, हनुवटीखाली गाठ मारलेला रुमाल. चुलीपाशी बसून धूर डोळ्यांत घ्यायची आणि बरं वाटल्यासारखी मान हलवायची. भाषा कोणालाच कोणाची येत नव्हती, तरी आईचं आणि तिचं चांगलं जमायचं. त्या दिवशी ती बसली नाही. माझा हात धरून तिनं दाराकडे ओढलं. मी तिला घेऊन साइटवर गेले तेव्हा तुम्ही पहार घेऊन उभे होतात आणि बेलदार तुमच्या तोंडाकडे बघत होते. म्हातारी बिनछपराच्या त्या दालनात सरळ चालत गेली, अर्धगोल भिंतीपुढे थांबली आणि मुलाला काहीतरी विचारलं. त्यानं भिंतीवरून, प्रेसच्या धुराड्याच्याही पलीकडे हात केला. तिनं पुन्हा विचारलं. त्यानं हो म्हणून मान हलवली. मग ती तिथेच, गिट्टीवर गुडघे टेकून बसली. फोरमन तुमच्याकडे वळून म्हणाला, "माँ बोलती है, समुंदर इधर है. घर इधर है. मुँह इधर ही रहने दो." तुम्ही पहार भिंतीला टेकवलीत आणि माझ्यावरच ओरडलात, "पाहून काय राह्यली? उठव तिले, गिट्टी टोचत असन!"

ईस्टरला पाद्री आला आणि त्यानं दिशेबद्दल एक शब्दही काढला नाही. इतका जीव टांगणीला लावला होता आपण! सकाळचं ऊन दारावरच्या गोल खिडकीतून सरळ वेदीवर येत होतं. पाद्रीला वाटलं ते मुद्दामच केलंय, आणि त्यानं तुमचं कौतुक केलं. तुम्हीही मान डोलावून ते घेतलंत.

पुढे युद्ध पेटलं आणि कागदावरचं ते ऑस्ट्रिया त्यांना भोवलं. शत्रूच्या मुलखातले म्हणून पोलिसांनी पुरुषांना नगरच्या छावणीत नेलं. बायकामुलांना मुंबईहून बोटीनं परत पाठवायचं ठरलं. स्टेशनवर म्हातारीनं तुमचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला. येताना टांग्यात तुम्ही रस्ताभर बाहेर बघत होतात. त्यानंतर दर रविवारी तुम्ही प्रेसमागे जाऊन चर्चची दारं-खिडक्या उघडत होतात. "हवा लागली पाह्यजे, नाही तं लाकडाले वायवी लागते," असं सांगायचात. लोक हसायचे, म्हणायचे हे बाटले. तुमच्यामागून काही वर्षं मी जात राहिले. मग माझी चिखलीला बदली झाली. परत आले तेव्हा आत सरकीची पोती लागली होती. नागपूरच्या पाद्रीनं येऊन वेदीचा दगड आणि घंटा रीतसर नेली होती आणि आता ही नुसती इमारत आहे, असं सांगून गेला होता.

परवा मी आत जाऊन बसले. सरकीचा वास, छपरात पारवे. ऊन मात्र अजून तसंच येतं. ती भिंत पडू नये असं मला फार वाटतं, बाबा, आणि त्यात धर्माचा काही संबंध नाही. त्या भिंतीमुळे मी घराबाहेर पडले. पुढे तुम्ही मला अमरावतीला मास्तरीण व्हायला पाठवलंत तेही मला रोज घराबाहेर बघायची तुम्हाला सवय झाली म्हणूनच. पण मग तुमचं पाटावरचं बोलणं आठवतं. ज्यांच्यासाठी बांधलं ते आता त्या दालनात उभे नाहीत, आणि ज्या उभ्या राहायला तयार आहेत त्या टिनाखाली घामाघूम होऊन बसल्या आहेत. मी चर्चमध्येच शाळा भरवू देता का म्हणूनही विचारलं, पण शेटजींना जागा हवी आहे, ते दगडच देतात.

तुम्हाला विचारून ठरवणार असल्यासारखी लिहितेय खरी. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा खोटं कशाला लिहू? मंगळवारीच कमिटीत जाऊन हो म्हणून आले. प्रेसचे मजूर रविवारीच मोकळे असतात, म्हणून काम रविवारी सुरू करायचं ठरलं. बाई, पहिली पहार तुमच्या हातची पाहिजे, सकाळी या, असं अध्यक्ष म्हणाले. मी म्हटलं, रविवारी मला जमणार नाही, शाळा आहे. खोलीत कमिटीचे सगळे सभासद बसले होते. त्यांतल्या कितीतरी जणांच्या मुली माझ्याकडे शिकतात. कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "हाव बाई, शाळा हाय तं कसं जमन तुमाले."