चिमूटभर धूप

शुक्र., ९ जाने. २००९
चर्चमध्ये कॅटेकिझमचा, मुलांच्या धर्मशिक्षणाचा, वर्ग घेतला. सोळा मुलांपैकी नऊच आली. बाकीची कुटुंबं मंदीत नोकऱ्या जाऊन, सामान बांधून गावी गेली. धडा: रोमन लोकांनी पहिल्या ख्रिस्ती लोकांचा छळ का केला. सांगितलं, रोमनांचे देव पुष्कळ, त्यात आणखी एकाची अडचण नव्हती. पण देवांना त्यांचा मान मिळाला नाही तर पूर, दुष्काळ साऱ्या शहरावर येतो, अशी त्यांची खात्री. आपले लोक बळी देईनात, सम्राटापुढे चिमूटभर धूप घालीनात. म्हणजे राज्याशी बेइमान. शिवाय दारं लावून जमायचे, म्हणून भलत्याच अफवा. रोम जळलं तेव्हा दोष ढकलायला नीरोला हीच माणसं सापडली.
आमची रिया म्हणाली, "बट इट्स जस्ट अ पिंच, ममा."
मुलांना वह्या मिटायला सांगितल्या.

रवि., ११
दुबईत अल क्वोजच्या ऑफिसात आणखी चार टेबलं रिकामी. जेरोमची, माझ्या नवऱ्याची, नोकरी डिसेंबरातच गेली. घर आता माझ्यावर.
मॅनेजरने आत बोलावलं. साइट सुपरवायझर देशमुख दोन आठवडे गैरहजर, फरारी, असं लिहून हवंय. म्हणजे कंपनी त्यांचा पगार, हिशेब देण्यातून मोकळी. देशमुख शारजात आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. रोज कामावर येतात. हजेरी मीच ठेवते.
"बस एक साइन है, मोनिका. नहीं तो अगली लिस्ट में..."
लिस्ट म्हणजे काढून टाकायच्या माणसांची.

सोम., १२
जेरोमला सांगितलं. म्हणाला, रियाची शाळा मार्चपर्यंत तरी...
प्रार्थनेला बसले. अर्ध्यातूनच उठले.

मंगळ., १३
सही केली.

गुरु., १५
देशमुखांना काल गेटवर अडवलं, पास काढून घेतला. आज लिफ्टमध्ये भेटले. दाढी वाढलेली. म्हणाले, फरारीची केस झाली तर पुन्हा इथे येता येणार नाही. "मॅडम, हजेरी तुमच्याकडे आहे. तुम्हीच सांगा ना त्यांना."
बघते म्हटलं. मजला येईपर्यंत आकड्यांकडे बघत राहिले.

शुक्र., १६
चर्चमध्ये मिसाची उपासना झाल्यावर फादरना विचारलं, ज्यांनी भीतीने धूप घातला त्यांचं काय झालं? म्हणाले, सम्राट डेसियसने सगळ्यांना बळी द्यायला लावला, दाखला घ्यायला लावला. कित्येकांनी दिला. काहींनी न देताच पैसे चारून दाखला मिळवला. नंतर रडत चर्चच्या दाराशी आले. त्यांना आत घ्यायचं का, यावर मोठी भांडणं. शेवटी घेतलं, पण प्रायश्चित्त वर्षानुवर्षं.
"आणि ज्याच्या सहीने दुसराच अडकला, तो?"
फादरनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तो आधी त्या दुसऱ्याकडे जातो."

शनि., १७
हजेरीच्या खऱ्या प्रती गुरुवारीच पर्समध्ये घालून आणल्या होत्या. का, तेव्हा कळलं नव्हतं. जेरोमला न सांगता खाली गेले. देशमुखवहिनींनी चहा ठेवला. सगळं सांगितलं. देशमुख कागद वाचत राहिले, एकेक तारीख बोटाने.
"खोटं तुम्ही लिहिलंत?"
"हो."
वहिनींनी माझ्यापुढचा कप उचलला आणि आत नेला.
देशमुखांनी विचारलं, लेबर ऑफिसात हे तोंडाने सांगाल का? सोमवारी सकाळी बोलावलंय.
मी हो म्हणाले. मग जिन्यात बसले. वर आले तर जेरोम रियाच्या वह्यांना कव्हर घालत होता. अजून त्याला सांगितलेलं नाही. उद्या ऑफिस आहे.