फळीवरून गादीवर

१९ नोव्हेंबर

लाडक्या बबडीला ताईचे भरभरून आशीर्वाद.

इकडचं सगळं ठीक, असं मी दर पत्रात लिहिते. या वेळी ते खरं आहे. काल रिपोर्ट आला. स्वच्छ.

कसला रिपोर्ट, ते सांगते. माझी कंबर लचकलीये असं सगळ्यांना सांगितलं होतं ना, तुलाही? ती लोणकढी थाप. तपासणीत गर्भाशयाच्या तोंडाशी काही पेशी बिघडलेल्या निघाल्या. कॅन्सर नव्हे, पण तशाच राहिल्या तर पुढे होऊ शकला असता. डॉक्टरीणबाईंनी जागा बधिर करून तेवढाच भाग काढला आणि संध्याकाळी घरी सोडलं. थोडं रक्त जाईल, ओझं उचलू नका, आराम करा, एवढंच. सोबत सूनबाई होती. तिला मीच गप्प राहायला बजावलं. या वयात त्या जागेचं नाव कुठे घ्यायचं, असं वाटलं.

आता गंमत बघ. तुझ्या भाऊजींना तू ओळखतेस. जन्मभर गाद्या विकल्या, पण कंबरदुखीचं गिऱ्हाईक आलं की गादी द्यायची नाही, फळीवर झोपायला सांगायचं, हा त्यांचा बाणा. मी घरी येते तर माझी गादी गुंडाळून कपाटावर आणि पलंगावर नुसती फळी. खाली कारखान्यात कापसाचे ढीग, वर माझी हाडं वाजतायत. सूनबाई तोंडावर ओढणी धरून हसायची.

तेही सोसलं. पण गेल्या आठवड्यात हे मालिशवालीला घेऊन आले. ती अस्तन्या सारून म्हणाली, "व्हा पालथ्या, चांगली तुडवून देते." बबडे, माझं धाबं दणाणलं. उठून बसले आणि म्हटलं, "माझ्या कंबरेला काही झालेलं नाही. गर्भाशयाच्या तोंडाचं ऑपरेशन झालंय." आवाज जरा मोठाच लागला. खाली गाद्या शिवणाऱ्या बायांची मशिनं एकदम थांबली.

हे तडक खाली गेले. रागावले म्हटलं. तर नवीकोरी गादी खांद्यावर घेऊन धापा टाकत वर.

"अहो, ती गिऱ्हाइकाची ना?"

"त्याची कंबर दुखते. फळीवर झोपेल." मग गादी झटकत, माझ्याकडे न बघता, "आधी सांगायचं नाही का गं? एवढे दिवस तुला फळीवर..."

तेव्हापासून बाया एकेक करून वर येतात. कुणाला दोरा हवा, कुणाला पाणी. गादीच्या कडेला टेकतात आणि हळूच विचारतात, "तपासताना दुखतं का हो?" मी म्हणते, लाजच जास्त वाटते. सोमवारी सगळ्या मिळून तपासून घ्यायला जाणार आहेत. हे कारखाना बंद ठेवतायत.

आता तुझं. कंबर भरलीये म्हणून येत नाही, असं तू लिहिलंस. तुझी लेक फोनवर म्हणाली, आई हल्ली स्वतःचे कपडे कुणाला धुऊ देत नाही. पाळी जाऊन एवढी वर्षं झाल्यावर डाग दिसत असेल, तर ती कंबर नव्हे, बबडे. वाईटच असेल असं नाही, पण दाखवायला हवं. रविवारी ये. सोमवारी मी तुझा हात धरून बसेन. गादी दोघींना पुरेल एवढी रुंद आहे.

आली नाहीस तर हे फळी घेऊन तुझ्याकडे येतील. त्यांना मी एवढंच सांगितलंय, की तुझी कंबर दुखते.

तुझी, कंबर ठणठणीत असलेली,
ताई