कोपऱ्यातल्या साडूसाठी ऐंशीची लेन्स

रहाटणी,
गुरुवार (कंपनीला सुट्टी, दहापासून वीज नाही, म्हणून पत्राला सवड)

श्री. गोरक्ष साडूभाऊ यांस ज्योतीरामचा साष्टांग नाही, पण साधा, सरळ नमस्कार.

आपण ठणठणीत आहात हे मी जाणतो, आणि गेले दोन महिने भेटेल त्याला सांगतोही आहे. गुडघा कसा आहे? ताईंची शुगर? तुमच्या हर्षालीच्या लग्नाची खरेदी कुठवर आली हे विचारत नाही, कारण ते रोहिणी मला रोज जेवताना सांगते (ताई तिची सख्खी बहीण, त्यांचा फोन चालू आहे; बंद आहे तो आपला). तुम्ही माझा फोन उचलत नाही. मेसेजवर दोन निळ्या खुणा येतात आणि तिथेच थांबतात. म्हणून हे पत्र. पत्र उचलावं लागतं, निदान बाजूला ठेवायला तरी.

आधी मुद्दा स्पष्ट करतो. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला मी भिंतीवर लावलेल्या घरच्या फोटोत तुम्ही पांढरे झालात, ही वस्तुस्थिती आहे. मी तुम्हाला मुद्दाम पांढरं केलं, हा आरोप आहे. या दोहोंतला फरक मला कळत नसता तर चाकणच्या गियर कंपनीने मला एकवीस वर्षं तपासणी खात्यात ठेवलं नसतं. (दहावीनंतर हेल्पर म्हणून लागलो. मायक्रोमीटर धरायला मला कोणी शिकवलं नाही, फोटो छापायलाही नाही. ज्यांना शिकवलं ते आज मला विचारायला येतात.) आता अंबूबाई मावशींनी त्या फोटोपुढे हात जोडून, "गोरक्ष कवा गेला गं? आमाला सांगावा बी न्हाई धाडला," असं विचारलं, तेव्हा तुम्ही त्यांच्या मागेच जिलबीची ताटली घेऊन उभे होतात, हे मला मान्य. पण मावशींचा मोतीबिंदू माझ्या खात्यात येत नाही. झेंडूची माळ सगळ्या कुटुंबाला मिळून होती, तुम्हाला एकट्याला नव्हे. ती तुमच्याच कोपऱ्यावर लोंबत होती, याला खिळा जबाबदार.

झालं काय ते ऐका. एन्लार्जर म्हणजे उभा टांगलेला प्रोजेक्टर समजा: वर दिवा, मध्ये निगेटिव्ह, खाली लेन्स आणि तळाला कागद. यात उलटा कारभार असतो, जिथे उजेड कमी पोचतो तिथे कागद पांढरा राहतो. माझी डार्करूम म्हणजे आमची बाथरूम, तिच्यावर माळा, आणि माळ्यावर रोहिणीची पितळी भांडी (ती हलवायचा विषय काढायचा नसतो). त्यामुळे एन्लार्जरचं डोकं फार वर जात नाही. पन्नास मिलिमीटरची लेन्स कमी उंचीत मोठा फोटो पाडते, म्हणून मी पन्नासची लावली. विचार चूक नव्हता. ती लेन्स लहान निगेटिव्हसाठी असते आणि माझा जुना कॅमेरा मोठी चौकोनी निगेटिव्ह देतो, म्हणजे तिचा उजेड कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही, एवढंच. प्रिंट मी भिंगाखाली तपासली होती. सासूबाई मधोमध बसलेल्या, त्यांच्या नथीतला एकेक मोती मोजला: सात. नथ पास, म्हणून फोटो पास. (कंपनीत कोणी मधलाच एक नग उचलून अख्खी पेटी पास केली तर ती मी परत पाठवतो. हे कुणाला सांगायची गरज नाही.) तुम्ही मागच्या रांगेत, डाव्या टोकाला, उंची सहा फूट, म्हणजे नेमके कोपऱ्यात. मागे चुन्याची भिंत, अंगात पांढरा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी. मला वाटलं ऊन पडलंय. उजव्या कोपऱ्यात पपईचं झाड होतं, तेही गेलं. पपईने अबोला धरला नाही.

तरी मी शोध घेतला. कंपनीतल्या मिनल मॅडमनी (इंजिनिअर, वय सव्वीस) चहा पिता पिता निगेटिव्हवर तिरकी पट्टी ठेवली. एकोणऐंशी मिलिमीटर. "काका, लेन्स साधारण या कर्णाएवढी लागत असेल ना?" म्हणाल्या. मी म्हटलं, मला माहीत आहे. (तेव्हा नव्हतं. आता आहे.) मग पिंपरीतला एक जुना स्टुडिओवाला गाठला. तो म्हणाला, "कशाला कुटाणा, राव? साडूंना मोबाईलमध्ये कापा, मधे चिकटवा, फ्लेक्स काढा. दहा मिनिटांचं काम." मी त्याला सांगितलं, आमच्या साडूंना कोणी कापणार नाही आणि कोणी चिकटवणार नाही. त्यांचा चेहरा निगेटिव्हमध्ये आहे, तो तिथूनच बाहेर येईल. तुम्ही तिथे नव्हतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

त्याच्याच खोक्यातून दोन लेन्स बघायला आणल्या. एक पंच्याहत्तरची, आत तीन काचा. एक ऐंशीची, आत सहा. निकाल तुमच्या मिशीवर लावायचं ठरवलं, कारण त्या कोपऱ्यात तेवढीच बारीक वस्तू होती. पंच्याहत्तरने तुम्ही प्रकट झालात, पण मिशी काजळाच्या बोटाने ओढल्यासारखी. लेन्सचं तोंड दोन घरं बारीक केलं तरी तशीच. ऐंशीने केस न् केस सुटा झाला. ऐंशी ठरली. मात्र ऐंशीला उंची लागते, आणि वर पितळी भांडी. मग एन्लार्जर वॉशिंग मशीनवर चढवून त्याचं डोकं उलट बाजूला फिरवलं, फोटो थेट फरशीवर पाडला आणि एन्लार्जर कलंडू नये म्हणून मागे गव्हाची गोणी बांधली. त्यातले चार किलो रोहिणीने दळणाला काढले (मला न सांगता). एन्लार्जरने तुमच्यापुढे मान झुकवली आणि कागदावर तुमचं नाक दीड इंच लांबलं. ती प्रिंट मी जपून ठेवली आहे.

सहा गुरुवार मी फरशीवर गुडघे टेकून भिंगातून तुमच्याकडे पाहतो आहे. इतकं तुमच्याकडे ताईंनीही पाहिलं नसेल. तुमच्या भुवईत जुना व्रण आहे हे मला वीस वर्षांत दिसलं नव्हतं. माफी मी मागत नाही. माप चुकलं तर दुरुस्त करायचं असतं, ते केलं. नवी प्रिंट सोबत आहे. हवी तर लावा. नको असेल तर मागचा पुठ्ठा चांगला आहे, कशालाही होईल.

ताईंना नमस्कार. मावशींना तुम्ही हयात असल्याचं एकदा नीट कळवा.

तुमचा (मानत असाल तर) साडू,
ज्योतीराम

ता. क. प्रिंटमध्ये तुमचे डोळे मिटलेले आहेत. हा लेन्सचा दोष नाही. तीनवर बटण दाबतो असं सांगून मी पाचवर दाबलं हे खरं, पण बाकीचे अकरा जण पाचपर्यंत थांबले. मावशींना ही प्रिंट इतक्यात दाखवू नका.

ता. क. २. लग्नाला ड्रोनवाला ठरवलाय म्हणे. ठरवा. वरून सगळ्यांची टकलं सारखीच दिसतात. मी कॅमेरा आणणार नाही. आणलाच तर एकच रोल, बारा फोटो, आणि तुम्ही मधोमध.

ता. क. ३. पत्रिका वाकडला पोचली, पुनावळ्याला पोचली. रहाटणी तिथून लांब नाही. कुरिअरवाल्याला घर सापडलं नसेल, असं मी रोहिणीला सांगितलं आहे. तिने तिची साडी कपाटातून काढून परत आत ठेवली. मला स्वतःला काही फरक पडत नाही.

ता. क. ४. हळदीपासून चार दिवसांची रजा टाकली होती, ती मंजूर होऊन आली. आमच्या कंपनीत मंजूर झालेली रजा रद्द होत नाही.