सोमवारचं यंत्र

इंचबर्न, ओटागो, न्यूझीलंड
गुरुवार, ५ ऑगस्ट १८८६

प्रिय एफीताई,

तुझं पत्र मिळालं. डूगल आणि मी, दोघंही बरे आहोत. तुम्ही सगळे बरे असाल अशी आशा करते. इथली थंडी आता कमी होतेय. ऑगस्टात थंडी म्हटल्यावर तू हसशील, पण या देशात सगळंच उलटं असतं, त्याची सवय होते.

अकरा वर्षांनी पत्र आलं आणि तेही सहा ओळींचं. त्यातल्या पाच ओळी मी समजून घेतल्या. आईला जाताना त्रास झाला नाही, सगळे आले होते, पाद्रीसाहेब चांगलं बोलले, सगळं वाचलं. सहावी ओळ मात्र डोक्यातून जात नाही. शेवटचे दोन महिने अंथरुणावर असल्यामुळे आईचे हात मऊ झाले होते, असं तू लिहिलंस. चाळीस वर्षं लोकांचे कपडे धुऊन भेगा पडलेले ते हात मऊ व्हायला तिला अंथरूण धरावं लागलं. मी खूप रडले आणि मग मला राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही.

त्या रागातूनच एक काम झालं, ते तुला सांगते. आम्ही कपडे धुवायचं यंत्र केलं आहे. आमच्या पत्र्याच्या दुकानात इतके दिवस दुधाच्या बरण्या, किटल्या, कंदील, पन्हळी हेच होत असे. आता पाळण्याच्या आकाराचं एक पत्र्याचं टोपलं केलंय, आतून घड्याघड्यांच्या पत्र्याचं. त्यात कढत पाणी, साबण आणि कपडे घालायचे, झाकण लावायचं आणि दांडा धरून झुलवायचं. कपडे आतल्या आत घासले जातात. हात पाण्यात घालावाच लागत नाही.

समोरच्या लोखंडी सामानाच्या दुकानाचा मालक ब्लेकी, त्याने मेलबर्नहून ओतीव लोखंडाची यंत्रं मागवली आहेत. ती दोन माणसांशिवाय हलत नाहीत. पण ब्लेकीची नजर आमच्या यंत्रावर नाही, आमच्या जागेवर आहे. त्याला इथे कोठार करायचंय. जागेचा मालक ट्रूप, म्हणजे गावातला खाटीक, याने नाताळपर्यंत विचार करून सांगतो असं म्हटलंय. आमचं यंत्र चाललं तर आम्ही इथे राहू. नाही चाललं तर डूगलला ब्लेकीकडे मालाची खोकी उघडायला जावं लागेल. ब्लेकीने ते दयाळूपणे सुचवलंही.

आता आमचा शहाणपणा ऐक. यंत्र लोकांना दाखवायचं ठरलं. डूगल म्हणाला, "कपड्यांचं यंत्र, तर गावाच्या धुण्याच्या वारी, सोमवारीच दाखवू." मलाही ते पटलं. या सोमवारी सकाळी दहा वाजता दुकानाच्या दारात चूल पेटवली, पाणी तापवलं, पाटी लावली आणि वाट पाहत बसलो.

गावातली एकही बाई आली नाही. कशी येणार? सोमवारी सगळ्या जणी आपापल्या मागच्या अंगणात कोपरापर्यंत साबणात बुडालेल्या. आले ते पुरुष.

ट्रूप यंत्राकडे बघून म्हणाला, "माझी बायको कपड्यांबद्दल कधी कुरकुरत नाही."

घोड्यांची जीन शिवणारा रिची म्हणाला, "कुरकुरते. तू दुकानात हाडं तोडत असतोस, म्हणून ऐकू येत नाही."

ब्लेकीने पत्र्यावर टिचकी मारली. "पत्रा दुधाला ठीक आहे, डूगल. धुण्याला लोखंडच लागतं." मग सगळे हसले आणि आपापल्या कामाला गेले. डूगलचा हात जरा दुखतो म्हणून दांडा मीच झुलवत होते. समोर बघायला कुणी नसताना मी आमच्याच दोन चादरी धुतल्या. स्वच्छ निघाल्या.

पण मी काही हरलेली नाही. नाताळ अजून लांब आहे.

हे पत्र खरं तर डूगल लिहिणार होता, हात दुखतो म्हणून मी लिहिलं. लग्नाच्या दिवशी तू जे बोललीस ते मी विसरले आहे, असं समज.

तुझी,
एलस्पेथ

*

इंचबर्न
मंगळवार, १४ डिसेंबर १८८६

प्रिय एफीताई,

आज इस्त्रीचा दिवस. इस्त्र्या चुलीवर तापताहेत, तेवढ्यात लिहायला घेतलंय. तू पाठवलेली लोकरीच्या हातमोज्यांची जोडी डूगलला बरोबर बसली. म्हणजे डावा बसला. उजव्याचं सांगते.

तुझी तीन वाक्यं मी इतक्या वेळा वाचली की पाठ झाली आहेत. पहिलं असं: 'आपल्या आईची, जॅनेट रेनीची, मुलगी सोमवार विसरली, हे मी मरेपर्यंत मानणार नाही, बाकीच्या सोमवारी तू काय करत होतीस, ते आधी सांग.' आणि खाली बारीक अक्षरात दुसरं: 'हाताबद्दल दोनदा लिहिलं आहेस.'

तुझ्यापासून लहानपणीही काही लपत नसे. तर ऐक.

एप्रिलमध्ये पत्रा वाकवायच्या रुळांत डूगलचा उजवा हात गेला. अंगठा आणि करंगळी राहिली, मधली तीन बोटं गेली. डॉक्टरांनी जखम भरून आणली, पण हातोडी धरता येत नाही, की डाख देता येत नाही. वितळलेल्या कथलाने पत्र्याचे जोड डाखणं हेच तर आमचं सगळं काम. दहा वर्षं त्याच्या शेजारी बसून मी ते पाहिलं होतं. पहिल्या आठवड्यात मी एक किटली डाखून पाहिली, ती गळली. दुसरी गळली नाही. मग दुकानाच्या मधोमध पडदा लावला. पडद्याआड मी काम करायची. घंटी वाजली की डूगल डाव्या हातात हातोडी घेऊन बाकाशी उभा राहायचा आणि मी ॲप्रन झटकून गिऱ्हाइकाशी बोलायला बाहेर यायची. बाईच्या हातची बरणी कुणी घेतली नसती, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. गावाला एवढंच ठाऊक होतं, की मॅकफीच्या हाताला लागलंय आणि आता बरं आहे.

सोमवारचं उत्तर यातच आहे. एप्रिलपासून मी सोमवारी कपडे धुतलेच नव्हते. शनिवारी दुपारी दुकान बंद झाल्यावर धुवायची आणि शेजाऱ्यांना दिसू नयेत म्हणून मागच्या खोपट्यात वाळत घालायची. गावाचा सोमवार असतो हे खरंच माझ्या डोक्यातून गेलं होतं. यंत्र करणारीच धुण्याचा वार विसरली. हसायचं तर हस.

पुढचं ऐकताना बसून ऐक. मी म्हटलं, बायका यंत्राकडे येत नाहीत तर यंत्र बायकांकडे जाईल. एका सोमवारी हातगाडी काढली. डूगल दारात आडवा उभा राहिला. एवढ्या वर्षांत तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता.

"माझ्या आईने पाठीवर पत्र्याचे डबे बांधून तिकडे मायदेशी अख्खा पर्थशायर परगणा पालथा घातला. लोक कुत्री सोडायचे. मी दुकान टाकलं ते माझ्या बायकोने गाडी ढकलावी म्हणून नाही."

"तुझ्या आईच्या डब्यांनीच तू मोठा झालास ना?" मी म्हटलं. "मग त्यात लाज कसली? सरक बाजूला."

तो सरकला. गाडी मी एकटीने ढकलली.

पाद्रीसाहेबांच्या घरी मोलकरणीने दार अर्धं उघडून सांगितलं, "फिरत्या लोकांनी मागच्या दाराने यायचं. आणि आज तर तेही नाही." तेव्हा तू आठवलीस, ताई. खोटं कशाला सांगू?

तिथून मी ट्रूपबाईंकडे गेले. मालकीणबाईच त्या. मागच्या धुण्याच्या खोलीत वाफेने डोळे उघडेनात. सहा मुलांचे कपडे आणि एका कोपऱ्यात खाटकाचे चार ॲप्रन, रक्ताने कडक झालेले. ट्रूपबाई म्हणाल्या, "ते यंत्र आहे ना? मग त्याला हे चार दे. माझं सोमवारचं दुखणं तेच आहे."

रक्त म्हणून आधी गार पाणी घातलं, मग साबण आणि कढत. झुलवायला लागले. दहा मिनिटं झाली असतील आणि खालच्या कोपऱ्यातून धार लागली. रस्त्यावर गाडीला धक्के बसले होते, त्यात जोड सुटला. पाणी ट्रूपबाईंच्या पायांवर.

"जा, नवऱ्याला बोलाव," त्या म्हणाल्या.

तिथे मला सहज म्हणता आलं असतं, की घेऊन जाते, उद्या आणते. पण उद्या मंगळवार, इस्त्रीचा दिवस. पुढच्या सोमवारी त्यांनी दार उघडलं नसतं आणि नाताळला आमचं दुकान गेलं असतं.

"नवऱ्याला बोलावून उपयोग नाही," मी म्हटलं. "हे काम मी करते."

डाख द्यायचं लोखंड गाडीवर होतंच. ते त्यांच्याच चुलीच्या निखाऱ्यात खुपसलं. पाणी काढलं, कोपरा पुसला, जोड घासून लख्ख केला, कारण त्याशिवाय डाख धरत नाही. आणि त्यांच्यासमोर डाखला.

ट्रूपबाईंनी वाकून तो जोड जवळून पाहिला. मग म्हणाल्या, "माझी दुधाची बरणी मे महिन्यात कुणी डाखली?"

"मीच."

"आणि दुकानातला कंदील?"

"तोही."

"अस्सं. आणि आमचे हे घरी येऊन सांगतात, हाताला लागल्यापासून मॅकफीचं काम सुधारलंय." त्या हसायला लागल्या त्या इतक्या, की शेजारच्या दोघी ओल्या हातांनी कुंपणातून आत आल्या. ॲप्रन निघाले. पांढरेशुभ्र नव्हे, पण आईनेही नाक मुरडलं नसतं इतके बरे. ट्रूपबाईंनी यंत्र परत नेऊ दिलं नाही.

"ब्लेकीचं मोडलं तर मेलबर्नला पाठवा," त्या शेजारणींना म्हणाल्या, "हिचं मोडलं तर कुंपणावरून हाक मारा. जागेचं काय ते आमचे हेच ठरवतील, मी त्यात पडत नाही. पण त्यांचे ॲप्रन कोण धुतं, ते त्यांना ठाऊक आहे."

सगळं गोड झालं असं नाही. चर्चच्या समितीने दिव्यांचं काम आमच्याकडून काढून घेतलं. बाईने डाखलेला दिवा देवाला चालत नसावा. एक म्हातारा दोन वर्षांपूर्वीची किटली परत करायला आला. ती डूगलनेच केलेली होती, हे सांगूनही ऐकेना. डूगल आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. नवव्या दिवशी सकाळी मी दुकानात आले तेव्हा त्याने पडदा काढून घडी घालून ठेवला होता.

"उजेड कमी पडत होता तुला," एवढंच म्हणाला.

त्यानंतर त्याने डाव्या हाताने दुकानाची पाटी रंगवली. 'डी. आणि ई. मॅकफी, पत्र्याचं काम'. अक्षरं उताराला लागल्यासारखी डावीकडे कलली आहेत. मी ती सरळ करू दिली नाहीत. गेल्या शनिवारी ट्रूप मांस पोचवायला आला आणि दारातूनच म्हणाला, "घरून निरोप आहे. जागा तुमचीच." आतापर्यंत अकरा यंत्रं गेली आहेत. डूगल पत्रा आखतो, मी कापते आणि डाखते.

आता तुझं तिसरं वाक्य. 'काहीही झालं तरी दारोदार डबे विकत हिंडायची पाळी तुझ्यावर आली नाही ना, एवढं कळव.' माझ्या लग्नात, डूगलच्या आईसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं तू म्हणाली होतीस, 'फिरस्त्यांच्या पोराशी लग्न करतेयस, दारोदार डबे विकत फिरशील.' त्या बिचारीने मान खाली घातली होती. ते मी विसरले नव्हते. गेल्या पत्रात खोटं लिहिलं.

ताई, मी हिंडते. दर सोमवारी हिंडते. डूगलच्या आईची क्षमा मागायची राहून गेली, तेवढंच एक लागतं मनाला. तुझ्यावरचा राग मात्र गाडी ढकलता ढकलता कधी उतरला, ते कळलं नाही.

सोबत जाड कागद घडी करून घातला आहे. उघडलास की यंत्राचे सगळे भाग आखलेले दिसतील. आईची गिऱ्हाइकं आता तुझ्याकडे आहेत, हे तू लिहिलं नाहीस, पण पत्राला साबणाचा वास होता आणि शाईवर पाण्याचे ठिपके. तिथल्या, आर्ब्रोथ गावातल्या कुठल्याही पत्रेवाल्याला हा कागद दाखव. तो हसला तर पत्रा तेवढा कापून घे आणि डाखायचं कसं ते मला विचार. अवघड नाही. जोड आधी घासून लख्ख करायचा, बाकी हात शिकतो.

आईसारखी वाट बघू नकोस. तुझे हात तू चालती-फिरती असतानाच मऊ व्हायला हवेत.

तुझी बहीण,
दारोदार डबे विकणारी
एलस्पेथ मॅकफी