फियाट कोणत्या गटाची

लालबाग, ३ नोव्हेंबर २०२४

चि. कौसल्येस, बाबुदादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण भांडतो, म्हणून पत्र. आज भाऊबीज. पक्ष फुटल्यापासून तू माझ्या घरी पाऊल टाकलेलं नाहीस. मी हा गट सोडेपर्यंत टाकणार नाहीस, हे तू पोस्टकार्डावर कळवलंस, त्यामुळे ते आधी पोस्टमनला कळलं.

येत्या रविवारी आमच्या उमेदवाराची रॅली आहे. पुढे आपल्या नानांची फियाट हवी म्हणतात. जुन्या गाडीमुळे पक्षही जुना वाटतो. मी हो म्हटलं. कार्ब्युरेटर साफ करून घेतला. चोक ओढून धरला की गाडी सुरू होते, मग बंद करायचा धीर होत नाही.

शेवंतीला पक्षाशी देणंघेणं नाही. तिला नणंद हवी आहे.

लोभ फुटू देऊ नये.
बाबुराव

गिरगाव, ७ नोव्हेंबर

ती. बाबुदादास, कौसल्येचा सा. न. वि. वि.

त्या गाडीतून नानांनी माझी पाठवणी केली. आता तिच्यात तुमचा उमेदवार बसणार. ठीक आहे. तोही अलीकडेच घर बदलून आलेला.

परवा ऑपेरा हाउसला खराखुरा ऑपेरा पाहिला. बाई मरता मरता बराच वेळ गातात आणि मग खरंच मरतात. आपल्या संगीत नाटकात मेलेला नट वन्समोअर मिळाला की उठून बसायचा. ती माणुसकी आता फक्त राजकारणात उरली आहे. वाचायला घेतलेली कादंबरी अर्ध्यावर सोडली. तिच्यात खलनायक शेवटपर्यंत खलनायकच राहतो. पटत नाही.

वहिनीची आठवण येते. रॅलीत जाऊ नकोस, एवढंच मागते.

कळावे, राग आहे तसाच लोभही.
कौसल्या

गिरगाव, ११ नोव्हेंबर

ती. दादास सा. न.

काल टीव्हीवर तुला पाहिलं. आमच्या रॅलीत सर्वांत पुढे फियाट, आणि गळ्यात हार घातलेला तू. चहा तसाच राहिला. माझ्यासाठी भावाने गट सोडला, हे मी सगळ्या चाळीला सांगितलं. आता मी यायला मोकळी.

कौसल्या

लालबाग, १४ नोव्हेंबर

चि. कौसल्येस आशीर्वाद.

मी गट सोडलेला नाही. दोन्ही रॅल्या एकाच नाक्यावरून निघाल्या. झेंडा तोच, गाणी तीच, बॅनरवरचा फोटोही तोच. कुणीतरी हात करून मला पुढे घेतलं आणि हार घातला. परळला तुमचा उमेदवार गाडीत येऊन बसला, तेव्हा कळलं. थांबलो असतो तर गाडी पुन्हा सुरू झाली नसती, म्हणून तशीच नेली. त्याने भाषणात मला जुना निष्ठावान म्हटलं. आमची माणसं आता माझ्याशी बोलत नाहीत.

शेवंतीचं म्हणणं, हे तुला कळवू नये, आयती येते आहे तर येऊ द्यावी. पण तू चुकीच्या समजुतीने माझ्या घरी जेवावंस, हे मला नको.

यायचं की नाही, तू ठरव.
बाबुराव

गिरगाव, १८ नोव्हेंबर

ती. दादास सा. न.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. चाळीत सांगितलेलं आता मागे घेता येत नाही, आणि घेणारही नाही. तुझं मत तुझ्यापाशी ठेव.

निकाल शनिवारी आहेत. कुणीही निवडून येवो, मी रविवारी दुपारी जेवायला येते. वहिनीला सांग. पानावर बसल्यावर तू राजकारण काढशीलच. काढलंस तर मी उठून जाणार नाही, समोर बसून भांडेन.

कौसल्या