आरोपी म्हणून पसंत

मु. दारव्हा, जि. यवतमाळ
तूर सोंगणीचे दिवस, २००७

आदरणीय मोठे मेहुणे वामनराव यांना,

दारव्ह्याहून बाबारावचा सविनय जयभीम. इकडे सगळे बरे आहेत, तिकडे बाभुळगावात तुम्हीही बरे असाल असे धरून चालतो. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की नाही ते कळवावे. तुमची बहीण मथुरा ठणठणीत आहे (पुरावा: मी हे लिहीत असताना ती स्वयंपाकघरातून माझ्याशी भांडते आहे आणि तिचा शब्दन् शब्द ओसरीपर्यंत पोहोचतो आहे). तूर सोंगून झाली, कपाशीची शेवटची वेचणी चालू आहे. कापसाच्या भावाचे तुम्ही विचारू नये आणि मी सांगू नये, म्हणजे पत्राचा सूर बिघडणार नाही.

रुपालीसाठी तुम्ही सुचवलेले आर्णीचे स्थळ गेल्या रविवारी येऊन गेले. त्या दिवशी काय झाले ते मथुराने फोनवर तुमच्या कानी घातलेच असेल. ती फिर्यादीची बाजू झाली. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय कोणाला दोषी धरू नये, एवढे मी सिनेमातून शिकलो आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझे वेड तुम्हाला ठाऊक आहे. जुने, काळे-पांढरे, कोर्टात चालणारे खुनाचे सिनेमे. तरुणपणी यवतमाळला कापसाची गाडी घेऊन जायचो तेव्हा गाडी रिकामी झाली की बैलांपुढे कडबा टाकून मी थेट टॉकीजमध्ये. मथुरा विचारते, खुनी कोण ते माहीत असताना तोच सिनेमा पुन्हा पुन्हा काय बघायचा? अहो, माहीत असते म्हणूनच तर बघायचा! पहिल्या वेळी आपण वकिलाच्या मागे धावतो. नंतरच्या वेळी वकिलाकडे बघायचेच नाही, खुनी किती साळसूद चेहऱ्याने मागच्या बाकावर बसलाय तिकडे बघायचे. आणि खरे सांगू का, गेल्या चार-पाच वर्षांत हे सिनेमे मला जास्तच गोड लागायला लागले आहेत. आमच्या कपाशीचे काय बिघडले ते अजून आम्हाला कोणी सांगितलेले नाही. कोणी म्हणतो बियाणे, कोणी म्हणतो अळी, कोणी म्हणतो परदेशातला कापूस. पथके येतात, जीपमधून उतरतात, बोंड हातात धरून फोटो काढून घेतात आणि निघून जातात. निकाल नाही. सिनेमात मात्र तीन तासांत सगळे साक्षीदार येतात, सगळे खोटे बोलतात, आणि शेवटी काळा कोटवाला एक बोट उचलून सांगतो, हा बघा. ते एक बोट बघायला मी कितीही वेळा तिकीट काढीन.

तेव्हा मुलगा वकील आहे असे तुम्ही कळवलेत, त्या दिवशी मला किती आनंद झाला असेल ते समजून घ्या. आपल्या घरात काळ्या कोटाचा मान भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोपासून सुरू होतो, त्यात माझ्या सिनेमांची भर. मी मनात जावई पक्का करून ठेवला होता. उंच, भुवया जोडलेल्या, आवाज असा की साक्षीदाराचे पाय लटपटावेत.

आला तो नयन. मुलगा सज्जन, त्याबद्दल दुमत नाही. पण आवाज एवढा हळू की पोहे आणखी हवेत की नकोत तेही आम्हाला अंदाजाने ठरवावे लागले. आई मैनाबाई सोबत होत्या. त्यांचा गुडघा तुमच्यासारखाच कुरकुरतो, म्हणून त्यांना हाताची खुर्ची देऊन बोळाच्या दाराशी, वाऱ्याला बसवले. (आपल्या घरात ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये तो बोळ आहे, तुम्हाला माहीतच आहे, दर वेळी तुमचे डोके तिथल्या मेन स्विचच्या पेटीला लागते.) मी मुलाला साधे प्रश्न विचारले. उलटतपासणीत आजवर किती जणांना रडवले? तो म्हणाला, एकालाही नाही. त्याच्याकडे बांधाचे आणि वाटणीचे दावे असतात, तिथे पक्षकारच रडतात, तेही पुढची तारीख मिळाल्यावर. भर कोर्टात टेबलावर मूठ आपटली का? तर म्हणाला, टेबलाचा एक पाय मोडका आहे. खुनाचा खटला? नाही. हरकत घ्यायला ताडकन उभे राहता की नाही? तर म्हणाला, खुर्च्याच कमी आहेत, आम्ही उभेच असतो. आता सांगा, याला वकील म्हणायचे?

मी आत जाऊन मथुराला सांगितले, पाहुण्यांना जेवू घाल, पण माझा नकार धर. मथुरा म्हणाली, "पोरगी पाह्यले आलेल्या पोराची तुम्ही काहून तपासणी करून राह्यले? रुपालीले तो आवडला हाये." रुपाली तिथेच पोळ्या लाटत होती. तिने लाटलेली पोळी विदर्भाच्या नकाशासारखी झाली होती. मला वाईट वाटले. मुलीचे मन मोडायला कोणत्या बापाला आवडते? म्हणून मी त्या मुलाला एक शेवटची संधी द्यायचे ठरवले आणि दोघींना तसे सांगितलेही: जेवणानंतर माझ्याकडची सीडी लावायची, निकालाच्या थोडे आधी सिनेमा थांबवायचा आणि वकीलसाहेबांना विचारायचे, खुनी कोण? बरोबर सांगितले तर होकार. नाही सांगता आले तर आर्णीची जीप तयारच आहे. यापेक्षा न्यायाची गोष्ट कोणती?

खिडक्यांना घोंगड्या लावल्या, सिनेमा सुरू झाला. (नाव लिहीत नाही. आमचा पोस्टमन सगळी पत्रे उजेडाला धरून बघतो आणि त्याने तो अजून पाहिलेला नाही.) शेजारचा डोमाजी न बोलावता येऊन बसला. आणि वामनराव, मैनाबाई काय बघत होत्या म्हणून सांगू! पदर तोंडात, डोळे पडद्यावर. बाई माझ्याच पंथाच्या निघाल्या. मेलेल्या शेठजीची विधवा पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा त्या मोठ्याने म्हणाल्या, "हिच्या बोलण्यावर जाऊ नोका." मला तर त्याच क्षणी मुलाऐवजी आईलाच सनद द्यावीशी वाटली. नयन हात धुवायला म्हणून मागे गेला, रुपाली चहाचे कप आत न्यायला उठली, मथुरा स्वयंपाकघरात, आणि वकिलाने गाऊन सावरून बोट उचलायला सुरुवात केली. मी थांबवायचे बटण दाबायला हात पुढे केला आणि लाइन गेली.

आता या दिवसांत लाइन गेली की आपल्याकडे माणूस काय करतो? काहीच करत नाही. सकाळचे भारनियमन, संध्याकाळचे भारनियमन, आणि वेळापत्रकाबाहेर गेली तर आपण तिला वरची भर समजतो. कोणी विचारत नाही, उठून बघत नाही. पंखा थांबला की वर्तमानपत्राची घडी घ्यायची आणि अंगणात यायचे. आम्हीही तेच केले. मथुराने तुरीच्या शेंगा उकडून आणल्या आणि अंगणात कोर्ट भरले. मैनाबाई म्हणाल्या डॉक्टरनेच मारले, डोमाजी म्हणाला माळ्याने, आणि ज्या माणसाचा बिचाऱ्याचा काही संबंध नाही त्या घड्याळजीला मथुराने फाशीपर्यंत नेले. मला सगळे माहीत, पण मी जीभ चावून बसलो. शेवट सांगणारा माणूस खुन्याहून वाईट, हे माझे तत्त्व आहे. तिकडे विहिरीजवळच्या बाजेवर रुपाली आणि नयन शेंगा सोलत बोलत होते. बराच वेळ. हळू आवाजाच्या त्या मुलाने रुपालीला दोनदा मोठ्याने हसवले, हे मी नाइलाजाने नमूद करतो.

ऊन कलले तेव्हा पिठाने पांढऱ्या झालेल्या नंदाबाई कुंपणाशी आल्या. त्यांची पिठाची गिरणी आपल्या मागच्याच गल्लीत आहे. म्हणाल्या, "सारे बाहेर कायले बसले? लाइन तं दुपारपासून हायेच." गिरणी चालल्याचा आवाज दुपारभर आमच्या सगळ्यांच्या कानांवर पडत होता, पण खुनाच्या तपासात तो ऐकायला कोणाला सवड होती? मी बोळात जाऊन पाहिले. मेन स्विच खाली ओढलेला.

वामनराव, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरात खरा गुन्हा घडला होता. मी सगळ्यांना ओसरीत बसवले आणि हात मागे बांधून फेऱ्या घालू लागलो. डोमाजीला विचारले, त्या वेळी तू कुठे होतास? तो म्हणाला, सगळ्यांच्या अगदी मागे, पाय दाबून बसलो होतो, उठलो असतो तर जागा गेली असती. मथुराने प्रत्येक प्रश्नाला उलट प्रश्न केला (तीस वर्षांचा अनुभव आहे). मग मी रुपालीकडे वळून विचारले, आणि तू? तिने बोलायला तोंड उघडले, तेवढ्यात नयन उठून उभा राहिला. "लाइन मीनंच बंद केली," तो म्हणाला. आवाज हळू नव्हता. "सिनेमा संपला असता तं आम्हाले निघा लागलं असतं. तुमचा नकार तुमच्या तोंडावर दिसून राह्यला होता. मले हिच्याशी बोलाचं होतं."

कबुली! भर कोर्टात, स्वखुशीने, हेतूसकट! अशी कबुली मी पडद्यावरसुद्धा क्वचित पाहिली आहे. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिथल्या तिथे निकाल दिला: मुलगा वकील म्हणून मला नापसंत होता, पण आरोपी म्हणून पसंत आहे. मग स्विच वर केला, सिनेमाचा शेवट पाहिला (मैनाबाईंचा डॉक्टर निर्दोष सुटला), आणि पाहुणे जीपने आर्णीला गेले.

एवढी माझी बाजू. थोरांना जयभीम, लहानांना पाठीवर थाप, आणि गुडघ्याला गरम तेल.

आपला,
बाबाराव

ता. क. — पत्राचे खरे कारण वर लिहायचे राहिले. मी होकार दिला, पण मैनाबाईंनी दिलेला नाही. जाताना मुलाशी एक शब्द बोलल्या नाहीत, मला फक्त "घरी जाऊन कळवतो" म्हणाल्या. ऐन बोट उचलताना सिनेमा बंद केला म्हणून त्या स्वतःच्या मुलावर चिडल्या असाव्यात, आणि त्यांच्या जागी मीही चिडलो असतो. रुपाली दोन दिवस नीट जेवलेली नाही. तेव्हा कृपा करून आर्णीला जाऊन बाईंची समजूत काढावी. तुमचा शब्द त्या मोडणार नाहीत.

ता. क. दुसरा — पत्र पाकिटात घालण्याआधी रुपालीने वाचले. म्हणते, "बाबा, स्विच म्या ओढला होता. तुम्ही परीक्षा घेनार होते ना, त्याचं मले भेव वाटलं." नयनला ते मागच्या दारातून दिसले होते, आणि मी तिला विचारताच तो तिच्या आधी उठला. म्हणजे वकील म्हणून नापास आणि आता आरोपीसुद्धा नाही! वामनराव, माझ्या मुलीवरचा आळ त्याने सगळ्यांसमोर, आईसमोर, आपल्या अंगावर घेतला. हे लिहिताना मला चष्मा काढावा लागला. पण आता पंचाईत अशी की मैनाबाईंना खरे सांगावे तर मुलगी वाईट ठरते, न सांगावे तर मुलगा. काय सांगायचे ते तुम्हीच ठरवा.

ता. क. तिसरा — आर्णीला जाऊ नका. नंदाबाईंकडच्या फोनवर आत्ताच मैनाबाई बोलल्या. स्विच रुपालीने ओढला हे त्यांना त्याच वेळी दिसले होते. त्यांची खुर्ची बोळाच्या दारातच होती. मी म्हणालो, मग त्या दिवशी बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, "मले कोनी इचारलं? आन् माहं पोरगं तिच्यासाठी उभं राह्यते का नाही, तेच तं मले पाह्याचं होतं." तीन दिवस गप्प राहून त्यांनी मुलालाही पत्ता लागू दिला नाही. मग म्हणाल्या, "आमच्या घरचा मेन स्विच माह्या खुर्चीच्या मांगंच हाये, तवा सिनेमाची काही चिंता नाही. पोरगी पसंत हाये."